लॉकरमधले घड्याळ

चाटी गल्लीतील दुकान उघडण्यापूर्वी वडील आपल्या एचएमटी 'जनता'ला चावी देत. त्यांच्या पश्चात ते मखमली पेटीत घालून मी लॉकरमध्ये ठेवले आणि ११ वर्षे निश्चिंत राहिलो. बाहेर काढले तेव्हा बंद. आतले तेल सुकून चिकट झाले होते. दोष माझाच.

चावीचे घड्याळ महिन्यातून एकदा तरी चालवावे. सेलचे दीर्घकाळ ठेवायचे असल्यास सेल काढावा. तो पाझरला तर यंत्र गंजते. घाम पुसून, मऊ कापडात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. (चामडी पट्टा आपल्याकडे बहुधा नसतोच.) स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गच्चीखालच्या तापणाऱ्या लोखंडी कपाटात तर नकोच.

तेलपाणी होऊन घड्याळ आता चालते. दर एक तारखेला नातू चावी देतो.