हरित करारापासून शस्त्रसज्जतेपर्यंत

११ डिसेंबर २०१९ रोजी उर्सुला फॉन डेर लायन यांनी ब्रसेल्समध्ये ‘युरोपीय हरित करार’ मांडला, तेव्हा युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदी येऊन त्यांना जेमतेम दहा दिवस झाले होते. २०५० पर्यंत सबंध युरोपीय महासंघ कार्बन-तटस्थ करायचा, हे उद्दिष्ट. चंद्रावर माणूस उतरवण्याच्या मोहिमेशी त्यांनी त्याची तुलना केली. दुसऱ्याच दिवशी सुरू झालेल्या शिखर परिषदेत पोलंडने या उद्दिष्टाला बांधून घ्यायला नकार दिला. कोळशावर वीज बनवणाऱ्या देशाला तो वेग झेपणारा नव्हता. आणि त्याच दिवसांत बाल्टिक समुद्राच्या तळाशी ‘नॉर्ड स्ट्रीम-२’ ही रशियन वायूची नवी वाहिनी टाकली जात होती.

या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हे महासंघाला सांगावे लागावे, याचेच आश्चर्य वाटते. त्याचा जन्मच ऊर्जा आणि युद्ध यांच्या गाठीतून झालेला. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक यंत्रणेच्या हाती द्यायचा प्रस्ताव ठेवला, तो या देशांना पुन्हा एकमेकांविरुद्ध लढताच येऊ नये म्हणून. सामाईक सैन्याची योजना मात्र १९५४ मध्ये फ्रेंच संसदेने फेटाळली. तेव्हापासूनची विभागणी आजही त्रास देते. पर्यावरणाचे बहुतेक कायदे बहुमताने होतात, निर्बंधांना सर्व २७ देशांचा होकार लागतो आणि कुठले इंधन वापरायचे, हे प्रत्येक देश आपले आपण ठरवतो.

इशारे मिळाले नव्हते, असे नाही. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेनच्या भांडणात सुमारे दोन आठवडे वायू बंद झाला आणि ऐन थंडीत बल्गेरिया, स्लोव्हाकिया गारठले. लिथुआनियाने त्यातून धडा घेतला. २०१४ मध्ये क्लायपेडा बंदरात द्रवरूप वायूचे तरंगते टर्मिनल आले. त्या जहाजाचे नावच ‘इंडिपेंडन्स’. जर्मनी मात्र स्वस्त वायूच्या हिशेबातच राहिला. २०२१ मध्ये महासंघाच्या वायू-आयातीपैकी सुमारे ४५ टक्के वायू रशियाचा होता.

२४ फेब्रुवारी २०२२ नंतरचे वर्ष जरा थांबून पाहण्यासारखे आहे. रशियन रणगाडे कीव्हच्या दिशेने निघाले, तेव्हा युक्रेनने इरपिन नदीवरचा बांध फोडला. सोव्हिएत काळात कोरडे केलेले नदीखोरे पुन्हा पाण्याखाली गेले आणि त्या चिखलाने राजधानी वाचवायला मदत केली. काही महिन्यांनी पश्चिमेकडे उन्हाळा भाजून काढू लागला. ऱ्हाइनचे पाणी इतके उतरले की कोळशाची जहाजे अर्धवट भरून न्यावी लागली. फ्रान्समध्ये निम्म्याच्या आसपास अणुभट्ट्या बंद होत्या. बऱ्याच दुरुस्तीसाठी थांबवलेल्या, आणि चालू असलेल्यांपैकी काहींना नद्यांचे पाणी तापल्यामुळे उत्पादन घटवावे लागले. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेने युरोपात साठ हजारांहून अधिक बळी घेतल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. ऑगस्टच्या अखेरीस वायूचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. संकटाआधीच्या वर्षांत तो वीसच्या आसपास असे. रशियाने वायू अडवला होता, पण पाणी हवामानाने अडवले होते. दोन्ही संकटे एकाच महिन्यात, एकाच वीजबिलावर येऊन पडली.

मग घाई सुरू झाली. जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनचे टर्मिनल सुमारे २०० दिवसांत उभे केले. बंद पडलेली कोळसा-वीजकेंद्रे पुन्हा पेटली. जानेवारी २०२३ मध्ये ल्युत्झेराथ या ओस पडलेल्या खेड्यातून पोलिसांनी आंदोलकांना उचलले, कारण खाली लिग्नाइट होता. आणि त्या खाणीचा करार करणारा अर्थमंत्री हरित पक्षाचा होता. युरोपने चढ्या भावात वायू उचलल्याची झळ दक्षिण आशियालाही बसली. पाकिस्तान आणि बांगलादेशात वीजकपात झाली. जर्मनीने रशियन वायू कंपनी गाझप्रॉमची आपल्या देशातली उपकंपनी ताब्यात घेतल्यावर तिच्या सिंगापूरच्या शाखेकडून भारताच्या ‘गेल’ला मिळणारा वायू थांबला आणि इथल्या खत कारखान्यांचा पुरवठा कमी करावा लागला. श्रीमंत लोकशाह्यांनी आपली सुरक्षितता विकत घेतली, तिची किंमत काही प्रमाणात इतरांनी मोजली, याची नोंद ब्रसेल्समध्ये फार कमी झाली.

तरीही या वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली. सूर्य आणि वारा अडवता येत नाही, हे कळल्यावर युरोप झपाट्याने बदलला. २०२४ मध्ये महासंघात सौरऊर्जेने कोळशापेक्षा जास्त वीज दिली. रशियन वायूचा वाटा १९ टक्क्यांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियाने सोव्हिएत काळापासूनच्या रशियन वीजजाळ्यातून स्वतःला सोडवून युरोपच्या जाळ्याशी जोडून घेतले. (बाहेरून आणलेल्या सौरपट्ट्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चीनच्या, ही मात्र नवी परावलंबिता.)

सुरक्षा नेहमीच निसर्गाच्या बाजूने उभी राहिली नाही. बेलारूसने २०२१ मध्ये स्थलांतरितांना सीमेवर लोटल्यावर पोलंडने १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण घातले. ते बियालोविएझाच्या प्राचीन अरण्यातून जाते. तिथले बायसन, लांडगे आता दोन देशांत विभागले गेले आहेत.

२०२४ हे माघारीचे वर्ष. ब्रसेल्सच्या रस्त्यांवर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आले आणि कीटकनाशकांचा वापर निम्मा करण्याच्या कायद्याचा प्रस्ताव आयोगाने मागे घेतला. निसर्ग-पुनर्स्थापनेचा कायदाही बुडतच होता. १७ जूनला ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी आपल्या चॅन्सेलरच्या विरोधाला न जुमानता बाजूने मत दिले, म्हणून तो वाचला. ते मत त्या वर्षातले सर्वांत धाडसी मत होते.

मार्च २०२५ मध्ये आयोगाने ८०० अब्ज युरोंपर्यंतच्या शस्त्रसज्जतेची योजना मांडली. पुतिन यांचे सैन्य आणि ट्रम्प यांची बेभरवशाची साथ पाहता ती गरजेची होती, हे नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो तिच्यासाठी काय मागे टाकले जाते याचा. नोव्हेंबरमध्ये २०४० पर्यंत ९० टक्के उत्सर्जन-कपातीला मंत्र्यांनी बहुमताने संमती दिली, पण त्यातली काही कपात परदेशातून विकत घेण्याची सोय ठेवून. इमारती आणि वाहनांच्या इंधनावरचा कार्बन-भार वर्षभराने पुढे गेला. जुलैमध्ये अमेरिकेकडून तीन वर्षांत ७५० अब्ज डॉलरची ऊर्जा घेण्याचे आश्वासन आधीच दिले गेले होते.

डिसेंबर २०२५ मध्ये रशियन वायू २०२७ च्या शरद ऋतूपर्यंत पूर्ण थांबवण्यावर तडजोड झाली. हंगेरी आणि स्लोव्हाकियाचा तिला विरोध होता. इरपिनप्रमाणेच पोलंडच्या आणि फिनलंडच्या पूर्व सीमेवर आता वाळवलेल्या दलदली पुन्हा भिजवण्याचा विचार सुरू झाला आहे. त्या कार्बन धरून ठेवतात आणि रणगाडे त्यांत रुततात. त्यांच्यासाठी पैसा पर्यावरणाच्या खात्यातून द्यायचा की संरक्षणाच्या, यावर मात्र अजून खल चालू आहे.