प्रदूषणाची बेरीज कोण करणार?

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाच्या उघड्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि कागद गिरणी आहे. चंद्रपूर शहराला खेटून २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. प्रत्येकाचा परवाना वेगळा, पर्यावरण अहवाल वेगळा. गावातला माणूस मात्र या सगळ्यांची धूळ, राख आणि धूर एकाच छातीत भरून घेतो.

प्रत्येक प्रकल्प आपापल्या मर्यादेत असला, तरी सर्वांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. शिवाय धोके नुसते शेजारी शेजारी राहत नाहीत, ते एकमेकांना बळ देतात. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात नैसर्गिक फ्लोराइड आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की शेतात राबणारा माणूस जास्त पाणी पितो आणि त्याच हातपंपातून जास्त फ्लोराइड शरीरात जाते. दिवसभर खाणीची धूळ झेलणाऱ्या बाईच्या फुप्फुसांवर संध्याकाळी चुलीचा धूर नवा भार टाकतो.

ही बेरीज मांडण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी दिल्लीच्या साथीने २००९ मध्ये ८८ औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी आणि जमीन एकत्र धरून गुण दिले. ७० च्या वर गेलेले ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरले. चंद्रपूरचे गुण होते ८३.८८. पण अख्ख्या पट्ट्याच्या एका आकड्यात खाणीलगतचे गाव आणि दूरचे गाव सारखेच दिसते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१३ पासून वस्तीवार नकाशे केले. त्यांत प्रदूषणाच्या गुणांना लोकांच्या दुर्बलतेच्या गुणांनी, म्हणजे दमा, गरिबी, बेरोजगारी यांनी गुणले जाते. तेवढाच धूर आजारी आणि गरीब वस्तीला अधिक घातक ठरतो, हे त्या गणितात धरलेले आहे.

आपल्या खेड्यांना असेच वस्तीवार गणित हवे. त्यासाठी हवा मोजणारी यंत्रे शहरांपुरती न ठेवता गावांतही बसवावी लागतील आणि आरोग्य केंद्रांतील नोंदी त्या आकड्यांशी जोडाव्या लागतील.

तोवर एक वाट गावाच्या हाती आहे. नव्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मागताना भरायच्या, २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतील अर्जातच आसपासच्या प्रकल्पांसह होणाऱ्या एकत्रित परिणामांची माहिती मागितलेली आहे. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. जनसुनावणीला जाण्यापूर्वी तो वाचा आणि एकत्रित परिणामांचे उत्तर लेखी मागा.