आतिथ्यातील मूर्तिका : चहा आणि विडा

चिनी चहापानाच्या विधीत तबकावर लहान मूर्तिका ठेवण्याचा प्रघात आहे. तीन पायांचा, तोंडात नाणे धरलेला बेडूक हा त्यांतील संपत्तिसूचक प्रकार होय. या मूर्तिका बहुधा जिआंग्सू प्रांतातील यीशिंग येथील जांभळट मातीच्या, झिलई न दिलेल्या असतात. पाने धुतलेले पहिले पाणी व उरलेला चहा यजमान त्यांच्यावर ओततो. सच्छिद्र माती तो शोषून घेते आणि वर्षानुवर्षांच्या सिंचनाने तिच्यावर मंद तकाकी चढते.

महाराष्ट्रात पूर्वी आतिथ्यातील असे स्थान विड्यास होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील अनेक अडकित्त्यांस पशुपक्ष्यांचे व मानवी आकृतींचे घाट दिलेले आहेत.

दोहोंत एक भेद स्पष्ट आहे. चिनी मूर्तिका उपकरणापासून अलग असते. अडकित्त्यातील आकृती उपकरणाचाच अवयव असते. तथापि एकीस चहाने व दुसरीस हाताच्या स्पर्शाने जी झळाळी येते, ती वापराचीच खूण होय. म्हणून अशा वस्तूंची नोंद करताना घाटाबरोबर झीजही टिपली पाहिजे. काचेआड गेलेल्या वस्तूस नवी झीज लाभत नाही; आणि जुनी झीज उजळणीच्या भरात घासली गेल्यास यजमानाच्या हाताचा पुरावा कायमचा नष्ट होतो.