‘एकलहरे’ हा शब्द संगणक कसा साठवतो?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, जुनी मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की कधीकधी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात ना? फाईल बिघडलेली नसते. आपल्या एकलहरे गावाचंच नाव घ्या. कृतिदेव फॉन्टमध्ये ते टाईप केलं, तर संगणक साठवतो स्वल्पविराम, डी, वाय, जी, जे, एस. ‘डी’ला ‘क’चा मुखवटा चढवतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की मुखवटा गळाला! अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तर मुखवटा बघतच नाही, ते ‘डी, वाय’च वाचतं.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक असतो. ‘क’चा २३२५. गंमत म्हणजे ‘एकलहरे’त आपण अक्षरं मोजतो पाच, संगणक सहा, त्याच्या लेखी ‘र’ वेगळा आणि त्यावरची मात्रा वेगळी. वेबवरच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, एकूण १८. मग मंगल लावा नाहीतर दुसरा कुठलाही युनिकोड फॉन्ट, क्रमांक तेच राहतात.

जुन्या फाईली कन्व्हर्टरने बदलता येतात. रफार आणि पहिली वेलांटी मात्र नीट तपासा, गडबड बहुतेकदा तिथेच होते. आणि मूळ फाईल लगेच पुसू नका.