चिकित्सालयासाठी बिनतारी राउटरची निवड

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. केसपेपर संगणकात आले, औषधांची मागणी ऑनलाइन जाऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने दूरचिकित्सेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्यापासून परगावच्या रुग्णांचा पाठपुरावाही पडद्यावरून होऊ लागला. या सर्वांचा भार एका लहानशा पेटीवर, म्हणजे राउटरवर असतो. वनस्पती खरेदी करताना आपण गंध, वर्ण, रस पारखून घेतो. ही पेटी मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतो.

प्रस्तुत लेखकानेही तेच केले होते. ताटकळणाऱ्या रुग्णांची सोय व्हावी म्हणून वायफायचा पासवर्ड प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीवर लिहून ठेवला होता. एके दिवशी एका रुग्णाचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा आत आला आणि संकोचाने म्हणाला, ‘‘डॉक्टर, तुमच्या संगणकातलं एक फोल्डर माझ्या मोबाइलवर उघडतंय.’’ त्या फोल्डरमध्ये त्या वर्षीचे सर्व केसपेपर होते. वंध्यत्वाची चिकित्सा घेणाऱ्या दांपत्यांच्या नोंदीही त्यांतच होत्या. दोन संगणकांवरून छपाई सोपी जावी म्हणून ते फोल्डर आम्हीच सामायिक करून ठेवले होते, आणि रुग्णांचे मोबाइल व आमचे संगणक एकाच जाळ्यावर होते. मुलगा सज्जन होता, म्हणून प्रकरण तेथेच थांबले. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला उपदेश करताना, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर उघड करू नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे दायित्व टाकले असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणून विश्वासार्ह राउटर म्हणजे केवळ वेगवान राउटर नव्हे. जो बंद पडत नाही आणि रुग्णाचे गुपित फोडत नाही, तो विश्वासार्ह होय.

प्रथम जागेची परीक्षा

खरेदीपूर्वी आपली वास्तू पाहावी. वायफायच्या लहरी मुख्यत्वे २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतात. पहिली पट्टी भिंतींतून अधिक दूरवर पोहोचते, पण तिच्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचाही उपद्रव होतो. दुसरी वेगवान असते, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होते. धातू या लहरींना परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. औषधांची पोलादी कपाटे, स्वेदनपेटी, पाण्याची टाकी या आपल्याकडील नेहमीच्या वस्तूच येथे अडथळा ठरतात. राउटर कपाटाच्या माथ्यावर मागे दडवून ठेवण्याऐवजी मध्यवर्ती जागी, उंचावर आणि उघड्यावर लावावा. पंचकर्म कक्षातील वाफ व तेल यांपासून तो दूर असावा.

दोन-तीन खोल्यांच्या चिकित्सालयाला एक मध्यम राउटर पुरतो. जुन्या वाड्याच्या दगडी भिंती असतील किंवा दोन मजले असतील, तर एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन साध्या उपकरणांचा मेश संच घ्यावा आणि ती दोन्ही तारेने जोडावीत. स्वागतकक्षातील संगणक व प्रिंटरही शक्यतो तारेनेच जोडावेत. जागा न बदलणाऱ्या यंत्राला तारेइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही.

पेटीवरील आकड्यांचा अर्थ

पेटीवर ‘एसी १२००’ असे लिहिलेले असते. हा आकडा एका पट्टीवरील ३०० आणि दुसरीवरील ८६७ मेगाबिट यांची गोळाबेरीज असून तोही केवळ सैद्धांतिक असतो. एका मोबाइलला इतका वेग कधीच मिळत नाही. सुस्पष्ट चित्रसंभाषणाला साधारणतः दोन ते चार मेगाबिट पुरतात. त्यामुळे बाह्य आकड्यांना भुलू नये. अँटेनांच्या संख्येवरून गुणवत्ता ठरत नाही.

दोन गोष्टी मात्र अवश्य विचाराव्यात. तारेचे पोर्ट गिगाबिट आहेत का, ही पहिली. काही स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० मेगाबिटांचेच असतात. मग २०० मेगाबिटांची जोडणी घेऊनही निम्मा वेग वाया जातो. दुसरी गोष्ट, राउटर वायफाय ६ या पिढीचा आहे का. २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या या पिढीत एकाच वेळी अनेक उपकरणे सांभाळण्याची क्षमता अधिक आहे, आणि प्रतीक्षाकक्ष भरलेला असताना तिचा उपयोग होतो. २०२४ मध्ये आलेल्या वायफाय ७ साठी जादा पैसे मोजण्याचे आपल्याला सामान्यतः कारण नाही.

सुरक्षिततेची कसोटी

पुढील तीन गुण नसतील तर तो राउटर स्वस्त असला तरी घेऊ नये.

१) डब्ल्यूपीए ३ ही २०१८ ची सुरक्षा-पद्धती त्यात असावी. जुन्या उपकरणांसाठी २००४ ची डब्ल्यूपीए २ चालेल. त्याहून जुनी पद्धती वर्ज्य समजावी.

२) रुग्णांसाठी स्वतंत्र ‘गेस्ट नेटवर्क’ देण्याची सोय असावी. ते सुरू केल्यावर आपलाच मोबाइल त्यावर जोडून संगणक किंवा प्रिंटर दिसतो का, हे तपासावे. दिसत असेल तर मांडणी चुकली आहे. दूरदर्शन संच व कॅमेरे यांनाही संगणकांपासून वेगळेच ठेवावे.

३) उत्पादक कंपनी त्या मॉडेलला किती वर्षे सॉफ्टवेअर-दुरुस्त्या देणार, हे विचारून घ्यावे. दुरुस्त्या थांबलेला राउटर वरून धडधाकट दिसला तरी आतून उघडा असतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा कालबाह्य राउटरांचा गुन्हेगार गैरवापर करीत असल्याचा जाहीर इशारा दिला होता.

वीज

वीज खंडित झाली की संभाषण तुटते आणि राउटर पुन्हा सुरू होण्यात काही मिनिटे जातात. बहुतेक लहान राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. फायबरची जोडणी असल्यास कंपनीने बसवलेल्या वेगळ्या पेटीलाही त्याच यूपीएसचा आधार हवा, अन्यथा राउटर चालू राहूनही इंटरनेट मिळत नाही. व्होल्ट व अँपिअर जुळवूनच यूपीएस घ्यावे.

खरेदीनंतरचे पथ्य

राउटर बसवल्याच्या दिवशीच त्याच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी न बदलल्यामुळेच. डब्ल्यूपीएस व बाहेरून नियंत्रणाची सोय बंद ठेवावी, आपोआप अद्ययावत होण्याची सोय सुरू ठेवावी. चिकित्सालयाचा पासवर्ड भिंतीवर लिहू नये आणि कर्मचारी सोडून गेल्यास तो बदलावा. सामायिक फोल्डरलाही स्वतंत्र पासवर्ड असावा.

ही कामे तासाभराची आहेत. रुग्ण आपल्यापुढे बसून जे सांगतो, ते कित्येकदा त्याने घरच्यांनाही सांगितलेले नसते. ते शब्द कागदावर होते तेव्हा आपण कपाटाला कुलूप लावीत होतो. आता ते संगणकात आहेत, आणि कुलपाची जागा या पेटीने घेतली आहे. आज सायंकाळी चिकित्सालय बंद करण्यापूर्वी गेस्ट नेटवर्कची ती एक तपासणी प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने अवश्य करून पाहावी, ही विनंती.