शिकवणाऱ्यांचा वर्ग

भिवंडीत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बाळाच्या तिसऱ्या दिवशी वस्तीतली ‘आशा’ आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, दारात येते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. नवजात बाळाच्या घरच्या काळजीसाठी ठरलेल्या या सहा भेटी. शांतीनगर किंवा गैबीनगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना, ती बाळाचं वजन करते, अंगाला ताप आहे का पाहते आणि बाळ अंगावर नीट पितंय की नाही ते बघते.

हे ‘नीट पिणं’ ओळखायला तिला कुणी शिकवलं? गटप्रवर्तकाने, एएनएमने (सहायक परिचारिका-प्रसाविकेने) किंवा प्रशिक्षणाच्या दिवशी आलेल्या एखाद्या सिस्टर ट्यूटरने. आणि त्यांना शिकवायला कुणी शिकवलं? इथे बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. आपल्याकडे चांगली परिचारिका ही चांगली शिक्षिका असणारच, निष्णात डॉक्टर हा चांगला प्राध्यापक असणारच, असं धरून चालण्याची जुनी सवय आहे. डॉक्टरांच्या बाबतीत ही सवय मोडायला २००९ साल उजाडलं. त्या वर्षी तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने वैद्यकीय प्राध्यापकांसाठी अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. तीन दिवसांची कार्यशाळा हे त्याचं मूळ रूप.

आता आरोग्यक्षेत्रातलं सगळंच प्रशिक्षण झपाट्याने ऑनलाइन होत आहे. करोनाच्या पहिल्याच महिन्यांत, एप्रिल २०२० मध्ये, ‘दीक्षा’ या मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आले. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘सक्षम’ हे व्यासपीठ सुरू केलं. औषधाचा डोस बदलला, नवी मार्गदर्शक सूचना आली, तर ती हजारो जणांपर्यंत त्याच दिवशी पोचवायला यासारखं साधन नाही. अडचण येते ती शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रमही त्याच साच्यात ओतला जातो तेव्हा: जुन्या पीपीटीवर आवाज चढवायचा, खाली दहा वस्तुनिष्ठ प्रश्न टाकायचे, आणि ते सुटले की प्रमाणपत्र डाउनलोड. असं प्रमाणपत्र मिळालेली शिक्षिका दुसऱ्या दिवशी वर्गात जाते आणि काल शिकवत होती तसंच शिकवते.

अमेरिकन वैद्यकशिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांचा एक पिरॅमिड मांडला. तळाशी ‘माहीत आहे’. त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’. त्यावर ‘करून दाखवता येतं’. शिखरावर ‘रोजच्या कामात प्रत्यक्ष करतो’. वस्तुनिष्ठ प्रश्नांची धाव फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत. शिक्षकांसाठी या पिरॅमिडवर मला आणखी एक पायरी चढवावीशी वाटते: ‘दुसऱ्याच्या हातून करून घेता येतं’. अभ्यासक्रमाची आखणी या पाचव्या पायरीपासून सुरू करून खाली यायला हवी.

स्तनपानाचंच उदाहरण घेऊ. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आरोग्य आणि पोषणाची मालिका आहे आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचं त्यात मोठं काम आहे. साधारण दहा मिनिटांचे हे धडे एकट्याने पाहून शिकता यावेत असे रचलेले असतात. चित्र तेच ठेवून निवेदन वेगवेगळ्या भारतीय भाषांत करता येतं. मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदणाऱ्या भिवंडीला हे किती सोयीचं, ते वेगळं सांगायला नको.

या धड्यांतली, बाळाला पाजताना धरण्याची पकड नीट पाहू. बाळाला डाव्या बाजूला पाजायचं असेल तर त्याला उजव्या हाताने धरायचं. आईचा अंगठा बाळाच्या एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे, डोक्याच्या मागच्या भागावर दाब नाही. डाव्या हाताने स्तनाला आधार द्यायचा आणि वडापाव तोंडात घालताना आपण तो ओठांच्या रेषेत दाबतो तसा हलका दाबायचा. बाळाने मोठा आ केला की आधी हनुवटी टेकवायची. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्यापेक्षा खालच्या बाजूने जास्त तोंडात जायला हवा. नुसतं स्तनाग्र तोंडात गेलं तर आईला चिरा पडतात, बाळाला दूध पुरेसं येत नाही, वजन वाढत नाही. मग सासू म्हणते, ‘हिला दूधच कमी आहे,’ आणि घरात पावडरचा डबा येतो.

एवढं व्हिडिओ छान शिकवतो. आता वर्गात या. एक नवी आशाताई बाहुली हातात घेते आणि तिचं डोकं मागून दाबत छातीकडे ढकलते. शिक्षिकेने काय करावं? हमखास घडतं ते असं: ‘अगं, असं नाही, आण इकडे,’ म्हणत ती बाहुली स्वतःकडे घेते, झरझर करून दाखवते आणि पुढे सरकते. कौशल्य शिक्षिकेच्याच हातात राहतं. खरं तर बाहुली आशाताईच्याच हातात ठेवून विचारायला हवं, ‘तुझा तळवा आता कुठे आहे? बाळाला मान मागे करता येईल का?’ मग तिला पुन्हा करू द्यायचं आणि पाहत थांबायचं. असं थांबता येणं हेच अध्यापनाचं कौशल्य आहे आणि ते बघितल्याशिवाय तपासता येत नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रमात ते बघता येतं. शिक्षिकेने एका सहकारी सिस्टरला पकड शिकवतानाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढायचा. खऱ्या आईचं चित्रीकरण नको. मागावरून उतरलेल्या कोऱ्या (‘ग्रे’) कापडाची बाहुली आणि कापडाचाच स्तन पुरतो, आणि भिवंडीत त्या कापडाला तोटा नाही. व्हिडिओ आधी स्वतः पाहायचा, मग गटातल्या दुसऱ्या शिक्षिकेने आणि शेवटी मार्गदर्शकाने. चूक दिसल्यावर बाहुली कुणाच्या हातात राहिली, प्रश्न विचारला की उत्तर सांगून टाकलं, पुन्हा करायची संधी दिली का, एवढंच तपासायचं. मग नवा व्हिडिओ.

दुरून असं शिकवण्याचा अनुभव आपल्या दारातच आहे. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयात २००५ मध्ये ‘फेमर’ या अमेरिकन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने आरोग्यशिक्षकांसाठी दोन वर्षांची फेलोशिप चालू झाली. डॉ. अविनाश सुपे यांनी ती उभी केली. मोजके दिवस मुंबईत एकत्र यायचं आणि उरलेला काळ आपापल्या महाविद्यालयात राहून इंटरनेटवरून शिकायचं. या आखणीत दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. प्रत्येकाने स्वतःच्या महाविद्यालयात शिक्षणाचा एक प्रकल्प राबवायचा, म्हणजे अभ्यास आणि नोकरी वेगळी राहत नाही. आणि दूरस्थ चर्चासत्रं चालवण्याची जबाबदारी फेलोंवरही असते. शिकता शिकता त्यांना वर्ग सांभाळावा लागतो.

दुसरा नमुना डॉ. संजीव अरोरा यांचा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये त्यांनी हिपॅटायटिस-सीसाठी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. खेड्यातले डॉक्टर व्हिडिओवर आपला अवघड रुग्ण मांडायचे, तज्ज्ञ आणि इतर डॉक्टर त्यावर बोलायचे. या डॉक्टरांनी दिलेल्या उपचारांचे निकाल विद्यापीठाच्या दवाखान्याच्या तोडीचे आले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. शिक्षकांच्या अभ्यासक्रमात रुग्णाच्या जागी अवघड विद्यार्थी मांडता येईल: वर्गात अवाक्षर न बोलणारी एएनएम, किंवा वीस वर्षं नोकरी झाल्यामुळे ‘मला येतं’ म्हणून बाहुलीला हात न लावणारी सिस्टर. आठवड्यातून एक तास, एकच प्रसंग, व्याख्यान नाही.

यात महागडं असं काही असेल तर तो माणसाचा वेळ. तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहून कामाचा अभिप्राय लिहायला दहा मिनिटं लागतात. एका मार्गदर्शकाकडे वीस शिक्षिका असतील तर व्हिडिओंच्या एका फेरीला दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त. शंभर जणी दिल्या तर अभिप्रायाच्या जागी ‘छान’ आणि अंगठ्याचं चित्र येणार. भिवंडीतल्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी प्रसूती कक्षात वर्षानुवर्षं काम केलेल्या परिचारिका हे मार्गदर्शन करू शकतील. पण हे तीन तास त्यांच्या ड्यूटीत धरावे लागतील, त्यासाठी वॉर्डात बदली माणूस द्यावा लागेल आणि अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात स्टुडिओच्या भाड्याच्या आधी ही रक्कम लिहावी लागेल.