ज्याची त्याची रेघ

गेल्या वर्षी गणपती आटोपल्यावर भाचीकडे वेल्ह्याला गेलो होतो. तोरणा ढगात बुडालेला, खाचरांत भात डोलत होते. भाचीचा दीड वर्षाचा बाळू चांगला गुटगुटीत. शेजारची छकुली मात्र काडीसारखी. आम्ही पडलो पुण्याचे शहाणे! छकुलीच्या आईला मी लगेच चार उपदेश ऐकवले.

अंगणवाडीच्या ताईंनी ते ऐकले आणि दोघांचे तक्ते माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "काका, मूल बघू नका, रेघ बघा."

जूनमध्ये छकुली ८.४ किलो होती, सप्टेंबरात ९ किलो झाली. बाळू ११.८ वरून ११.६ वर आला होता. दोघांची सरासरी काढा: १०.१ ची १०.३ झाली! सरासरीला विचाराल तर सारे झकास. आणि त्याच सरासरीच्या पोटात आमचा बाळू तीन महिने घसरत होता.

दुसऱ्याच दिवशी त्याला भोरला डॉक्टरांकडे नेले. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग निघाला. ताप नाही, रडणे नाही. बोलली ती फक्त रेघ.

परतल्यावर मी या रेघांच्या शास्त्रामागे लागलो. थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी वाढीच्या रेघांची तुलना कशी करावी, यावर १९५८ साली निबंध लिहिला होता. पुढे १९८२ मध्ये लेअर्ड आणि वेअर या दोघांनी एक सोयीची रीत मांडली. तिचे मर्म घरगुती आहे. सर्व मुलांची मिळून एक रेघ असते. पण प्रत्येकाची सुरुवात निराळी आणि चढही निराळा. ज्याची वजने दोनचारच असतील, त्याच्याबद्दल अंदाज बांधताना गावाच्या रेघेचा आधार अधिक घ्यायचा. भरपूर असतील, तर त्याच्या स्वतःच्या रेघेवर अधिक विसंबायचे. एखाद्या दिवशी काटा चुकला, म्हणून घाबरायला नको.

अशा नोंदींना चिकाटी मात्र हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींपासून पाहणी सुरू केली. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो. दिसायला ती किरकोळ, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त! हीच बाळे मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासली गेली, म्हणून पुढे मधुमेहाचा धोका कोठून सुरू होतो, याचा माग काढता आला. एकदाच मोजून हे कसे उमगणार?

बाळू आता ठणठणीत आहे. रेघ पुन्हा चढणीला लागली. छकुलीच्या आईची मी माफी मागितली. ती नुसती हसली.

यंदा फराळाला पाहुणे जमतील, मुलांची पाठीला पाठ लावून उंची मोजली जाईल. खुशाल मोजा! पण वाचकहो, शेजारच्या मुलाशी ताडून पाहण्याआधी आपल्या मुलाला त्याच्याच गेल्या दिवाळीशेजारी उभे करून पाहा.